एकाचा दाखला दुसऱ्याच्या हाती

जपानचे नाव निघाले की आपल्या बेटावर दोन गोष्टी चटकन आठवतात. एक म्हणजे रस्त्यावरून धावणाऱ्या जपानी मोटारी. दुसरी म्हणजे २०२० च्या जुलै महिन्यात पोईंत देस्नीजवळ प्रवाळावर रुतलेले आणि पुढे आपला समुद्र तेलाने काळा करणारे ‘वाकाशिओ’ जहाज. आजचा विषय या दोहोंहून निराळा आहे. तो आहे जपानमधल्या संगणकाच्या एका चुकीचा. ती चूक घडायला एक सेकंदही लागला नाही, पण तिच्यातून घेण्यासारखा धडा आपल्या शाळांना, आपल्या मराठी मंडळांना आणि घरोघरी संगणकाची भाषा शिकणाऱ्या मुलांना उपयोगी पडेल असा आहे.

कावासाकीचा प्रसंग

जपानमध्ये सरकारी दाखल्यासाठी कचेरीतच जावे लागते असे नाही. ओळखपत्र घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात जावे, तिथल्या यंत्रावर ते ठेवावे, चार अंकी गुप्त क्रमांक दाबावा, की दाखला छापून हाती येतो. सोय मोठी चांगली. परंतु २ मे २०२३ रोजी कावासाकी शहरातल्या एका रहिवाशाने कुटुंब-नोंदीचा दाखला मागितला आणि यंत्राने दुसऱ्याच माणसाचा दाखला बाहेर काढला. त्याच सुमारास योकोहामा शहरात आणि तोक्योच्या आदाची वॉर्डातही परक्याचे कागद लोकांच्या हाती पडले होते. ही व्यवस्था फुजित्सु जपान या कंपनीने उभारलेली होती. कावासाकीच्या चुकीचे कारण कंपनीने सांगितले ते असे: दोन निराळ्या दुकानांत दोन माणसांनी एका सेकंदाच्या आत दाखला मागितला आणि मागून आलेली मागणी आधीच्या मागणीवर चढून बसली. ९ मे रोजी जपानचे तेव्हाचे डिजिटल मंत्री तारो कोनो यांनी ती व्यवस्था थांबवून तपासावी असे कंपनीला सांगितले.

जपानी कुटुंब-नोंदीत जन्म, लग्न, घटस्फोट, दत्तक असे घरातले सारे काही असते. शेजाऱ्यालाही आपण जे सांगणार नाही ते त्या कागदावर लिहिलेले असते. तो कागद परक्याच्या हाती गेला, ही काही ‘संगणकाची गंमत’ म्हणून हसून सोडण्याची गोष्ट नव्हे.

दोन माणसे आपल्यासमोर उभी राहिली तर आपल्याला चेहरे दिसतात, आवाज कळतो. संगणकाला यातले काहीच नाही. त्याला दिसते ती फक्त खूण. दोन मागण्यांना, दोन मुलांना किंवा दोन कागदांना एकच खूण मिळाली, तर त्याच्या लेखी ते एकच. म्हणून प्रत्येकाला निराळी खूण देणे हा संगणकाच्या कामातला पहिला संस्कार आहे. आणि माझे म्हणणे असे, की ही खूण देताना तीन मोह टाळले पाहिजेत: नावाचा, घड्याळाचा आणि स्वतःच्या हुशारीचा.

नावाचा मोह

नावावरून माणूस ओळखावा, यात चूक काय, असे कोणीही विचारील. उत्तर जपाननेच दिले आहे. २००७ साली तिथे उघडकीस आले, की निवृत्तिवेतनाच्या सुमारे ५ कोटी नोंदी नेमक्या कोणाच्या हे ठरवता येत नाही. लोकांनी जन्मभर पैसे भरले होते, नोंदी शाबूत होत्या, पण नोंद आणि माणूस यांची गाठ सुटली होती. कारण असे: जपानी नावे चित्रलिपीत लिहितात आणि एकच नाव कोणी ‘युको’ वाचतो तर कोणी ‘हिरोको’. जुनी वह्यापत्रके संगणकात भरताना कारकुनांनी आपापल्या अंदाजाने उच्चार लिहिले. लग्नानंतर आडनावे बदलली. शिवाय जानेवारी १९९७ मध्ये प्रत्येकाला निवृत्तिवेतनाचा एकच क्रमांक मिळेपर्यंत नोकरी बदलली की नवा क्रमांक मिळे, म्हणून एकाच माणसाच्या नोंदी चार ठिकाणी विखुरलेल्या. म्हातारी माणसे कचेऱ्यांपुढे रांगा लावून आपण आपणच आहोत हे सिद्ध करीत राहिली. त्याच जुलैच्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षाने वरिष्ठ सभागृहात सपाटून मार खाल्ला, त्याचे हे एक मोठे कारण होते.

आपल्या घराण्यांना ही कथा परकी वाटू नये. १८३४ ते १९१० या काळात सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे गिरमिटावर या बेटावर आली. त्यांत मुंबई बंदरातून निघालेले आपले पूर्वजही होते. त्यांची नावे गोऱ्या कारकुनांनी कानाला जशी लागली तशी रोमी लिपीत टिपली. बापाचे नाव मुलाचे आडनाव झाले, सख्ख्या भावांच्या आडनावांची स्पेलिंगे निरनिराळी झाली. आज कोणी मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरखान्यात आपल्या पणजोबांचा शोध घेऊ लागला, तर नावावरून तो गोंधळतो. नोंदीपाशी खात्रीने नेतो तो त्यांना बेटावर उतरताना मिळालेला क्रमांक. तो एकाच माणसाचा होता, दुसऱ्या कोणाचा नव्हता. त्याच नोंदीत बापाचे नाव, गाव, जिल्हा आणि जहाज सापडते.

नावाला जन्मतारीख जोडली की काम भागेल, असेही काहींना वाटते. तेही खरे नाही. जपानमध्ये ऑक्टोबर २०२१ ते नोव्हेंबर २०२२ या काळात सुमारे ७,३०० माणसांच्या आरोग्य विम्याच्या नोंदी भलत्याच माणसाच्या क्रमांकाला जोडल्या गेल्या. नोंद करणाऱ्यांपाशी क्रमांक नसला की ते नाव, जन्मतारीख वगैरेंवरून तो शोधून काढीत, आणि सगळ्या गोष्टी जुळतात का हे काहींनी पुरते पाहिले नाही. एका नावाची, एकाच दिवशी जन्मलेली दोन माणसे देशात असू शकतात, एवढी साधी गोष्ट नजरेआड झाली.

घड्याळाचा मोह

आता मुलांच्या संगणकाकडे वळू. आपण मोबाईलवर जी पाने उघडतो, फॉर्म भरतो, निकाल पाहतो, त्यांच्यामागे बहुधा जावास्क्रिप्ट ही भाषा काम करीत असते. ब्रेंडन आइक यांनी ती १९९५ साली नेटस्केप कंपनीत तयार केली. शिकायला सोपी असल्यामुळे हौशी मुले तिच्यापासूनच सुरुवात करतात. कोणी गणेशोत्सवाच्या स्पर्धेसाठी नावे घेणारे पान बनवतो, कोणी वर्गातल्या पुस्तकांची यादी. आणि पहिल्याच दिवशी प्रश्न उभा राहतो: प्रत्येक नोंदीला क्रमांक कोणता द्यायचा?

१, २, ३ असे ओळीने द्यावे, हे पहिले उत्तर. वही एकच आणि लिहिणारा एकच असेल तोवर ते ठीक. पण दोन स्वयंसेवक दोन मोबाईलवर नावे घेऊ लागले आणि मध्येच इंटरनेट गेले, की दोघेही पुढच्या मुलाला ५१ क्रमांक देतात. संध्याकाळी दोन्ही याद्या एकत्र केल्या की एक ५१ दुसऱ्या ५१ ला गिळतो. शिवाय ओळीच्या क्रमांकाला एक खोड आहे. माझ्या मुलाच्या निकालाच्या पत्त्यात ५१ असेल, तर ५० आणि ५२ लिहून शेजारच्या मुलांचे निकाल उघडतात का, हे पाहण्याचा मोह कोणालाही होतो.

मग हुशार विद्यार्थी म्हणतो, घड्याळ वापरू. जावास्क्रिप्टमध्ये ‘डेट डॉट नाऊ’ असे लिहिले की १ जानेवारी १९७० पासून किती मिलिसेकंद झाले तो आकडा मिळतो. सेकंदाचा हजारावा भाग! इतक्या बारीक काळात दोघे कसे येतील? पण संगणकाला मिलिसेकंद हा मोठा अवकाश आहे. तेवढ्यात तो शेकडो नोंदी लिहून मोकळा होतो, आणि त्या सगळ्यांना एकच आकडा मिळतो. दोन मोबाईल असले तर विचारायलाच नको. कावासाकीच्या दोन गिऱ्हाइकांना कोणी आधी सांगितले असते की तुम्ही एकाच सेकंदाला बटण दाबाल, तर तेही हसले असते. गर्दीच्या जागी जे क्वचित घडते ते रोज घडते.

हुशारीचा मोह

तिसरा मोह सर्वांत फसवा. तो म्हणजे स्वतः बसून ‘सहज कसाही’ आकडा तयार करणे. जावास्क्रिप्टमध्ये ‘मॅथ डॉट रँडम’ नावाचे साधन आहे. ते शून्य आणि एक यांच्यामधला कोणताही अपूर्णांक देते. त्यातून सहा अंक काढून घेतले की दहा लाख निरनिराळे क्रमांक झाले. आपल्या मंडळाचे सभासद फार तर हजार-बाराशे. मग टक्कर होण्याची शक्यता नगण्य, असा हिशेब मांडला जातो.

हा हिशेब चुकतो कुठे, ते वर्गात दाखवता येते. वर्गात २३ मुले असतील, तर त्यांतल्या कोणत्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते. वर्षात ३६५ दिवस असताना २३ मुलांतच असे का व्हावे? कारण आपण एका ठरावीक मुलाशी जुळणी पाहत नाही. २३ मुलांच्या जोड्या होतात २५३, आणि त्यांतली कोणतीही जोडी जुळली की झाले. कोणत्याही शिक्षकाने हजेरीपट काढून दोन-तीन वर्गांत हे करून पाहावे, मुलांना मोठी मौज वाटते. हाच न्याय क्रमांकांना लागू होतो. दहा लाखांतून सहज उचललेले सुमारे १,२०० क्रमांक घेतले, की त्यांत निदान दोन सारखे असण्याची शक्यता निम्म्याच्या वर जाते. मंडळाचे सभासदही तेवढेच!

दुसरी अडचण अशी, की यंत्राने दिलेला ‘सहज’ आकडा खरोखर सहज नसतो. तो गणिताने काढलेला असतो. ते गणित कच्चे असेल तर फसगत होते. क्रोम ब्राउझरमधले हे गणित २०१५ च्या अखेरीपर्यंत असेच सदोष होते. त्यातून सुमारे ४२९ कोटीच निराळे आकडे निघू शकत. ऐकायला हा डोंगर वाटतो, पण वाढदिवसाचा न्याय लावला तर सुमारे ७७ हजार आकड्यांतच पुनरुक्तीची शक्यता निम्म्यावर येते. पुढे ते गणित सुधारले, पण सुधारलेले गणितही गुपितासाठी बनवलेले नाही.

या बाबतीत जपानचाच एक मोठा दाखला आहे. माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा या दोन जपानी गणितज्ञांनी ‘मर्सेन ट्विस्टर’ ही पद्धत शोधली आणि १९९८ साली प्रसिद्ध केली. तिचे आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू होण्याआधी इतके आकडे निघतात, की ती संख्या लिहायला ६,००२ अंक लागतात. जगभर ती वापरली गेली. पायथन भाषेतही तीच आहे. तरीसुद्धा तिचे ओळीने ६२४ आकडे कोणाच्या हाती लागले, तर पुढचे सगळे त्याला सांगता येतात. शास्त्रज्ञांनी ती प्रयोगांच्या हिशेबासाठी घडवली होती, गुपिते राखण्यासाठी नव्हे. सूप धान्य पाखडायला उत्तम, म्हणून त्यात कोणी पाणी भरीत नाही.

मग करावे काय?

उपाय तयार आहे आणि तो फुकट आहे. २०२१-२२ पासून सर्व प्रमुख ब्राउझरांत ‘क्रिप्टो’ नावाच्या साधनात ‘रँडम यूयूआयडी’ हे काम करून मिळते. एक ओळ लिहावी, की ३६ चिन्हांची खूण हाती येते. त्यात चार आडव्या रेघा, आणि बाकी ३२ जागी शून्य ते नऊ हे अंक किंवा इंग्रजीतली ए ते एफ ही अक्षरे असतात. या खुणेत १२२ जागा अशा, की प्रत्येकीत शून्य किंवा एक हे नाणे उडवून ठरवल्यासारखे ठरते. हे नाणेही साधे नव्हे. संगणकाच्या मूळ व्यवस्थेत गुपितांसाठी राखलेल्या साठ्यातून ते येते. निराळ्या खुणा किती? ५३ वर ३५ शून्ये द्या, साधारण इतक्या. दर सेकंदाला १०० कोटी खुणा करीत गेलो, तर कुठेतरी दोन सारख्या निघण्याची शक्यता निम्म्यावर यायला सुमारे ८६ वर्षे लागतील. दोन मोबाईल, दोन गावे, इंटरनेट नाही, तरी चिंता नाही. कोणी कोणाला विचारावे लागत नाही.

एवढे मात्र ध्यानात ठेवावे, की हे साधन सुरक्षित पत्त्याच्या पानावरच चालते. आणि घड्याळाशी आपले वैर नाही. नोंदी काळाच्या क्रमाने लागाव्यात म्हणून मे २०२४ मध्ये खुणेचा एक नवा प्रकार प्रमाण ठरला आहे. त्यात आधी वेळ आणि मागून नाण्याचे कौल असतात. घड्याळाला पंक्तीत बसवले आहे, पण यजमानपद दिलेले नाही.

खुणेने बोलू नये

खूण निराळी असावी हे झाले. दुसरा गुण मला तितकाच मोलाचा वाटतो. खुणेने माणसाबद्दल काही सांगू नये. जपानने २०१३ साली कायदा केला आणि ऑक्टोबर २०१५ पासून प्रत्येक रहिवाशाला १२ अंकी क्रमांक कळवला. तिथे राहणाऱ्या परदेशी माणसालाही तो मिळतो. तोक्योच्या एदोगावा वॉर्डात हिंदी कुटुंबांची मोठी वस्ती आहे, आणि २०१९ मध्ये तिथल्या सभेवर मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक निवडून आले. त्या वस्तीतल्या घरोघरी हाच १२ अंकी क्रमांक आहे. त्यात नाव नाही, जन्मतारीख नाही, स्त्री की पुरुष हे नाही. ११ अंक, आणि शेवटचा एक अंक लिहिण्यातली चूक पकडण्यासाठी. क्रमांक फुटला आणि गैरवापराची भीती असली तर तो बदलूनही मिळतो. भारताचा आधार क्रमांकही असाच मुका आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी तो देण्यास सुरुवात झाली.

आता आपले ओळखपत्र काढून पाहा. क्रमांकाचे पहिले अक्षर आडनावाचे, आणि पुढचे सहा अंक जन्मतारखेचे. म्हणजे क्रमांक लिहून दिला की वय आपोआप सांगितले. ही रीत जुनी आहे आणि ज्या काळी कारकुनाला डोळ्यांनी पडताळा पाहावा लागे त्या काळी तिचा उपयोगही असेल. पण आज हाच क्रमांक आपण शंभर ठिकाणी लिहून देतो. पुढेमागे ती रीत बदलावी, असे मला वाटते. आणि ती बदलेपर्यंत निदान आपल्या शाळांनी व मंडळांनी मुलांच्या यादीत हा क्रमांक खूण म्हणून वापरू नये.

दोन आक्षेप

कोणी म्हणेल, आमच्या मंडळात दोनशे नावे, एवढा खटाटोप कशाला? खटाटोप एका ओळीचा आहे हे वर सांगितले. चुकीची किंमत मात्र यादीच्या लांबीवर ठरत नाही. दोनशेंपैकी एका मुलाचे आजारपण किंवा घरची अडचण दुसऱ्याच्या नावावर लागली, तर त्या दोन घरांना ते पुरेसे आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. माणसाला आकडा देणे म्हणजे त्याचा मान घालवणे नव्हे का? आपल्या पूर्वजांच्या गळ्यात क्रमांक बांधला तो त्यांना राबवून घेण्यासाठी, हे आपण विसरलेलो नाही. हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण दोष क्रमांक निराळा असण्यात नव्हता. तो एकच क्रमांक माणसाच्या मागे जन्मभर, सर्वत्र, त्याला न विचारता फिरत राहिला, यात होता. म्हणून मी म्हणतो, पुस्तकांच्या यादीतली खूण वेगळी, स्पर्धेतली वेगळी, आणि माणसाला हाक मारायची ती नावानेच. चांगली खूण यंत्राशी बोलते आणि नाव माणसासाठी मोकळे ठेवते.

आणि खुणेवर सगळे सोपवून निर्धास्तही होऊ नये. जपानमध्ये २०२३ साली सरकारी मदत जमा होण्यासाठी लोकांनी कळवलेली ७४८ बँक खाती दुसऱ्याच माणसाच्या नावे लागल्याचे आढळले. क्रमांक चोख होते. कचेरीतल्या सामायिक संगणकावर आधीचा माणूस आपले काम पुरते न मिटवता उठला होता, आणि पुढच्याने त्याच्याच नावाखाली आपले खाते लिहिले. खूण हे कुलूप नव्हे. कोणाला कोणता कागद दाखवायचा, हे दारावर उभे राहून तपासावेच लागते.

वाचकहो, आपली मुले संगणक शिकत आहेत ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांना आज्ञा पाठ करायला शिकवणारे पुष्कळ आहेत. या ओळीमागे एक माणूस आहे, आणि त्याचा कागद त्याच्याच हाती पडला पाहिजे, हे शिकवणारे थोडे आहेत. ते काम शिक्षकांनी आणि आईबापांनी करायचे आहे. येत्या उत्सवाच्या याद्या करताना मंडळांनी एखाद्या शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला हे काम सोपवावे. मात्र नावावरून, घड्याळावरून किंवा मनाने रचलेली खूण चालणार नाही, एवढे आधीच बजावून सांगावे.